प्रेक्षक गुन्हेगाराच्या शेजारी जाऊन का बसतो?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून तो येथे मांडत आहे.

आमच्या गावच्या यात्रेत दरवर्षी हौशी मंडळी नाटक बसवतात. यंदाच्या नाटकात सावकाराचा एक दिवाणजी होता. गावातला एक शेतकरी मरण पावल्यावर हा दिवाणजी सांत्वनाला म्हणून जातो, मयताच्या अंगठ्याला शाई लावून खोट्या खरेदीदस्तावर ठसा उठवतो आणि त्या विधवेचे शेत गिळतो. हे ज्याने पाहिले त्या साक्षीदाराला तो रात्री विहिरीत ढकलतो. तिसऱ्या अंकात पोलीस पाटील दार ठोठावत असतात आणि दिवाणजी चुलीपाशी बसून, ठसा नीट न उठल्यामुळे बिघडलेला पहिला कागद जाळण्याची धडपड करत असतो. त्या रात्री वारा फार होता. काडी पेटायची आणि विझायची. हे संहितेत लिहिलेले नव्हते, काम करणाऱ्या गृहस्थांची खरोखरच पंचाईत झाली होती. चौथी काडी विझली, तेव्हा माझ्या शेजारच्या मावशी, ज्यांनी अर्ध्या तासापूर्वी त्या विधवेसाठी पदराने डोळे टिपले होते, त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "पेटव की रे लवकर, आला बघ तो." मैदानात पाच-सहाशे माणसे होती आणि कोणीही हसले नाही. पाचवी काडी धरली, कागदाची कड काळी होऊन वळली, आणि सगळ्या मैदानाने सोडलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला. माझी स्वतःची मूठही आवळलेली होती.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "बाई, तो पकडला जावा असंच मला वाटत होतं. मग दार वाजल्यावर तो सापडू नये असं का वाटलं?"

शोकात्म नाटकाने भय आणि करुणा यांचा निचरा होतो, हे ॲरिस्टॉटलचे मत मी तिला सांगू शकले असते. परंतु तो विचार नाटकाच्या एकूण परिणामाविषयी आहे आणि ती मुलगी पाचव्या काडीविषयी विचारत होती. चोर, खुनी, भामटे यांच्या बाजूने सांगितलेल्या कथा आपल्याला इतक्या का धरून ठेवतात, आणि त्या क्षणी आपली न्यायबुद्धी कोठे जाते? आपण मंडळी यावर विचार करून लिहाल, अशी आशा आहे.

निपाणीकर

ताई, निपाणीच्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण मराठी रंगभूमीवरचा सर्वांत गाजलेला भामटा आमच्या गावचा आहे. आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' १९६२ साली रंगभूमीवर आले आणि त्यातला लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. प्रभाकर पणशीकरांनी ती भूमिका पुढे अनेक दशके केली. फिरत्या रंगमंचामुळे न्यायालयातून थेट फसवणुकीच्या प्रसंगात जाता येत असे, आणि एकच नट वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या पोशाखांत, वेगवेगळ्या बोलीत समोर येई. लखोबा स्वतःचा खटला स्वतः चालवतो. ज्या स्त्रियांना त्याने फसवले, त्यांचीच उलटतपासणी तो घेतो, आणि प्रेक्षागृह हसत असते.

माझे आजोबा तंबाखूच्या वखारीत काम करत आणि घरचा थोडा तंबाखूही पिकवत. एका वर्षीचा सगळा माल त्यांनी एका दलालाला शब्दावर दिला आणि तो माणूस पैसे न देता परागंदा झाला. त्या पैशांवर आत्याचे लग्न ठरले होते, ते दोन वर्षे लांबले. असे असूनही नाटकाचा प्रयोग पाहताना आजोबा पोट धरून हसले. घरी आल्यावर आजीने त्यांना रागाने विचारले, "तुम्हाला हसू कसं आलं?" आजोबांचे उत्तर आमच्या घरात अजून सांगितले जाते. ते म्हणाले, "आपल्याला फसवलं तेव्हा तो कसा फसवतोय ते दिसलं नव्हतं. आज दिसलं."

मला वाटते, आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग यात आहे. ज्याच्यावर अन्याय होतो, त्याला अन्यायाची फक्त एकच बाजू दिसते, आणि ती म्हणजे झालेले नुकसान. तो कसा रचला गेला, शब्द कोणते वापरले, आपण नेमक्या कोणत्या क्षणी मान डोलावली, हे त्याला कधीच कळत नाही आणि ते न कळणे त्याला आयुष्यभर छळते. नाटक त्याला त्या भामट्याच्या खोलीत नेऊन बसवते. आजोबांचे हसणे लखोबाच्या बाजूचे नव्हते, असे मी आजवर मानत आलो आहे. त्यांना वीस वर्षांनी हिशेब लागला होता.

अर्थात लखोबाच्या मनात काय चालले आहे, हे ते नाटक फारसे दाखवत नाही. आपल्याला भुरळ पडते ती त्याच्या कसबाची. आपल्या दिवाणजीची गोष्ट निराळी आहे, तेथे कसब नव्हतेच, काडीसुद्धा पेटत नव्हती.

चिकोडीचा वकील

तीस वर्षे फौजदारी खटले चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, लोक गुन्हेगाराची बाजू कलेत शोधतात, कारण ती त्यांना न्यायालयात मिळत नाही.

खटल्यात आरोपीने बोलावे असा एक टप्पा असतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३१३, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५१, यांनुसार सरकारपक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्ध आलेल्या एकेका गोष्टीविषयी विचारतात. त्याला शपथ देत नाहीत, आणि उत्तर दिले नाही म्हणून शिक्षाही होत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, हे राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदातच सांगितले आहे. ही तरतूद अत्यंत मोलाची आहे आणि तिच्याविरुद्ध मला काहीही म्हणायचे नाही. परंतु तिचा परिणाम असा होतो की, आम्ही वकीलच आरोपीला सांगतो, प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे" एवढेच म्हण. आमच्या भागात त्यावर भाषेचा आणखी एक थर चढतो. आरोपी मराठीत बोलतो आणि नोंद कन्नडमध्ये होते, म्हणजे त्याच्या उत्तरांच्या जागी कागदावर ओळीने एकच शब्द उतरतो, "सुळ्ळु".

बांधावरून झालेल्या भांडणात सख्ख्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा खटला माझ्याकडे होता. चाळीसएक प्रश्नांना त्याने शिकवल्याप्रमाणे उत्तर दिले. न्यायाधीश उठून गेले. पोलीस त्याला नेण्यासाठी पुढे आले, तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वकीलसाहेब, ती बांधावरची जांभळ त्यानं आणि मी मिळून लावली होती." झाड कोणाच्या हद्दीत, यावरूनच तो खून झाला होता. हे वाक्य कोणत्याही कागदावर नाही. निकालपत्रात हेतू, हत्यार, जखमा आणि साक्षी यांचा ऊहापोह पंचवीस पानांत केलेला आहे आणि तो योग्यच आहे, त्या माणसाला झालेली शिक्षाही योग्य आहे. तरीही मला विचाराल तर त्या खटल्यातले सत्य त्या जांभळीत होते, आणि ते सांगण्याची जागा कथा-नाटकाखेरीज दुसरी कोठेही नाही.

प्रेक्षकाला "कोणी केले" हे वर्तमानपत्रातून समजते. माणूस त्या टोकापर्यंत कोणत्या वाटेने गेला, हे त्याला समजत नाही, आणि ती वाट आपल्याही दारावरून जाते की काय, ही धास्ती प्रत्येकाला असते.

शहापूर, बेळगाव

वरील तिन्ही मजकूर मी दोनदा वाचले. वकीलसाहेबांविषयी आदर ठेवून एक गोष्ट सांगते. त्या जांभळीखाली दोन भाऊ होते आणि आपण एकाचेच वाक्य लक्षात ठेवले आहे.

माझ्या मामाचा खून झाला, तेव्हा मी बारा वर्षांची होते. आरोपीचे बालपण, त्याची गरिबी, त्याचा बाप कसा मारत असे, हे सारे नंतर लोकांनी आम्हालाच येऊन सांगितले, आणि ते बहुधा खरेही असेल. मामा कसा होता, हे कोणी विचारले नाही. तो हातमागावर बसला की पायाच्या ठेक्यावर अभंग म्हणत असे, त्याला कारल्याची भाजी मनापासून आवडत असे आणि मला चौथीत गणितात कमी गुण मिळाले, तेव्हा घरी सांगण्याआधी त्याने मला पोटभर कुंदा खाऊ घातला होता. कलेत खून करणाऱ्याला आईबाप असतात, लहानपण असते, रात्रीची झोप उडालेली असते. मरणाऱ्याला फक्त भिंतीवरचा हार घातलेला फोटो असतो.

प्रेक्षकाला गुन्हेगाराचे मन का आवडते, याचे माझ्यापुरते उत्तर फार साधे आहे. गुन्हेगार काहीतरी करत असतो आणि आपले डोळे हालचालीकडे जातात. ज्याला सोसायचे असते, तो एका जागी बसलेला असतो. मी हे कटुतेने लिहीत नाही. मलाही अशा कथा खिळवून ठेवतात, आणि पुस्तक मिटल्यावर दर वेळी मामाची माफी मागावीशी वाटते.

घटप्रभेचा प्रवासी

मी महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालो आहे. शहापूरच्या ताईंनी जे लिहिले, ते वाचल्यानंतर मी आधी लिहून ठेवलेले उत्तर बाजूला सारले.

प्रथम त्या मुलीच्या प्रश्नाविषयी. मरे स्मिथ नावाच्या चित्रपट-अभ्यासकाने १९९५ साली एक उपयुक्त भेद मांडला. एखाद्या पात्राच्या सोबत असणे आणि त्या पात्राच्या बाजूने असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कथा सांगणारा आपल्याला ज्याच्या खोलीत ठेवतो, ज्याला जेवढे दिसते तेवढेच दाखवतो, त्याच्या सोबतीला आपण आपसूकच जातो. पटणे, न पटणे हा नंतरचा आणि निराळा व्यवहार असतो. पाटील दाराबाहेर होते आणि पाच-सहाशे माणसे दिवाणजीसह दाराच्या आत होती. दार वाजले, ते आत असलेल्या सर्वांसाठीच वाजले. त्यात वाऱ्याने त्या प्रसंगाला एक काम देऊन टाकले. अडलेले काम पुरे व्हावे असे वाटणे, हा माणसाच्या हाताचाच स्वभाव आहे, सुईत दोरा ओवणारे कोणी दिसले तरी आपली बोटे जुळतात. त्या मावशींचे मन विधवेकडेच होते, आवळलेली होती ती मूठ.

आपल्या परंपरेत भट्टनायक या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 'साधारणीकरण' सांगितले, ते येथे आठवते. रंगमंचावरची भीती ही "त्या अमक्याची" उरत नाही, ती भीती म्हणून सर्वांची होते, म्हणूनच प्रेक्षक तिचा आस्वाद घेऊ शकतो. दिवाणजीचे भय दिवाणजीपासून सुटे झाले आणि मैदानाचे झाले.

परंतु एवढ्याने ताईंच्या आक्षेपाचे उत्तर होत नाही. त्यासाठी मी आपल्याच परिसरातल्या एका कवीकडे वळतो. दहाव्या शतकातील कन्नड महाकवी रन्न हा मुधोळचा, म्हणजे आपल्या शेजारचा. त्याच्या 'गदायुद्धा'त पराभूत दुर्योधन प्रेतांनी भरलेल्या रणभूमीवरून चालत जातो. आपण संपूर्ण वेळ त्या अपराध्याच्या पायांनी चालत असतो. द्रोण, दुःशासन, कर्ण असे एकेकाचे शव लागते आणि तो शोक करतो, ते अपेक्षितच आहे, ती त्याची माणसे होती. परंतु वाटेत अभिमन्यूचे शव लागते. त्या मुलाला दुर्योधनाच्याच पक्षाने अनेकांनी मिळून अन्यायाने मारलेले आहे. दुर्योधन तेथे थांबतो, त्याच्या पराक्रमाला हात जोडतो आणि त्या शौर्याचा अंशभर तरी असलेले मरण आपल्याला यावे, अशी इच्छा बोलून दाखवतो. मी वर्गात हा भाग मराठीत समजावून देत असे, तेव्हा दरवर्षी एखाद-दुसऱ्या मुलाचा चेहरा पालटत असे.

अपराध्याच्या नजरेतून सांगितलेली कथा चांगली की वाईट, हे ठरवण्यासाठी मी तेव्हापासून एवढेच पाहतो, की त्याची नजर त्याने मारलेल्या माणसावर एकदा तरी पडते का. पडत नसेल तर ती कथा आपल्याला फक्त खोलीत कोंडते.

आणि वाल्या कोळ्याची लोककथा आठवा. प्रत्येक हत्येमागे रांजणात एक खडा टाकणाऱ्या त्या वाटमाऱ्याला नारदाने दुसरे काही न विचारता, घरच्यांना विचारून यायला सांगितले, की माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का. घरच्यांनी नकार दिला. त्यांनी लूट खाल्ली होती आणि खडे त्याच्या एकट्याच्या नावावर ठेवले. नाटक पाहणारे आपण त्या घरच्या माणसांसारखेच आहोत, ही अस्वस्थता त्या मुलीला नवव्या इयत्तेतच जाणवली, याचे मला फार अप्रूप वाटते.

वेशीबाहेरून

सर, रन्नाचा उल्लेख फार आवडला. मात्र येथे सर्वांनी 'गुन्हेगार' हा शब्द जणू ठरलेला आहे असे धरून लिहिले आहे, म्हणून मला लिहावे लागत आहे.

माझे पणजोबा जन्मतःच गुन्हेगार होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींची नावे यादीत घातली आणि त्या घरांत जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित ठरले. आपला भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सोलापूर, हुबळी, विजापूर येथे तारेच्या कुंपणातल्या वसाहती होत्या, आमचे लोक त्यांना आजही 'सेटलमेंट' म्हणतात. पणजोबा हुबळीच्या सेटलमेंटमध्ये हजेरी देत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी आम्ही कागदोपत्री मोकळे झालो. माझी आजी त्यानंतरही लग्नघरी गेली की, कोणीतरी उठून आत जात असे आणि भांड्यांचा आवाज येत असे. ते लोक भांडी मोजत असत. आजी तो आवाज ऐकून न ऐकल्यासारखे करून नवरीला हळद लावत असे.

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ते बेळगावच्या एका वाचनालयात उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि बसायचे विसरलो. चोरी शिकवताना लहान मुलांना कसे मारतात, भूक माणसाचे काय करते, हे त्यात आतून सांगितलेले आहे. परंतु मला धक्का बसला तो दुसऱ्याच कारणाने. तोवर आमच्याविषयी जे काही लिहिलेले मी पाहिले होते, ते पोलिसांच्या बाजूचे होते.

येथे एक फरक नोंदवावासा वाटतो. दिवाणजी किंवा लखोबा हे प्रेक्षकांच्या ओळखीचे, त्यांच्या ओसरीवर बसणारे असतात, म्हणून प्रेक्षक त्यांच्या शेजारी निर्धास्तपणे जाऊन बसतो. आमच्यातला माणूस रंगमंचावर चोर म्हणून येतो, तेव्हा त्याच्या हातातली काडी विझली तर "पेटव की" असे कोणी म्हणताना मी ऐकलेले नाही. त्याला लोक बाहेरूनच पाहतात.

उलट उदाहरणही आपल्याच मातीत आहे. मलप्रभाकाठ ताई, आपल्याच तालुक्यातील नंदगडला २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिले. सरकारच्या दफ्तरात तो बंडखोर होता. लोकांनी त्याच्यावर पदे रचली, ती इतकी पसरली की फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती टिपून छापली. ज्यांना शिक्षा झाली त्यांच्या बाजूने गाण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचे कारण केवळ मनोरंजन असते तर ती पदे एवढी टिकली नसती. निकाल लिहिणाऱ्याची भाषा वेगळी होती आणि गाणाऱ्यांना आपल्या भाषेत तो खटला पुन्हा चालवायचा होता. चिकोडीच्या वकीलसाहेबांनी "सुळ्ळु" या शब्दाविषयी लिहिले, त्यावरून हे सुचले.

चिकोडीचा वकील

शहापूरच्या ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. मेलेल्या भावाविषयी मी तीस वर्षांत एवढेच शिकलो की, त्याच्या अंगावर किती जखमा होत्या. त्याचे नावसुद्धा काल रात्री फाईल काढून पाहावे लागले. वेशीबाहेरून लिहिणाऱ्या बंधूंचा मुद्दाही मी मनाशी ठेवला आहे. चोरीच्या जुन्या खटल्यांत पहिला संशय कोणाच्या वस्तीवर जातो, हे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपला मजकूर मी वर्गात वाचून दाखवला. आजोबांचे वाक्य मुलांना लगेच समजले. आजींच्या भांड्यांचा प्रसंग वाचल्यावर वर्ग बराच वेळ शांत होता, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी बोलत नाही, त्याने तो पुन्हा वाचायला सांगितला. सोबत आणि बाजू यांतला भेद प्रश्न विचारणाऱ्या मुलीने वहीत उतरवून घेतला आणि म्हणाली, "म्हणजे मी वाईट नाही, पण मी तिथं होते."

पुढे आणखी एक गोष्ट घडली. दिवाणजीचे काम करणारे गृहस्थ आमच्या गावातच शिवणकाम करतात. गणवेश आणायला गेलेल्या मुलींनी त्यांना रन्नाच्या दुर्योधनाची आणि अभिमन्यूची हकीकत सांगितली. त्यांनी मशीन थांबवून ती ऐकली, काही बोलले नाहीत. गेल्या शनिवारी शेजारच्या गावी त्याच नाटकाचा प्रयोग झाला, तेव्हा मी मुद्दाम गेले. हवा पडलेली होती आणि काडी पहिल्याच झटक्याला पेटली. पण त्यांनी कागद लगेच पुढे केला नाही. काडीच्या उजेडात त्यांनी तो कागद डोळ्यांजवळ धरला आणि त्यावरचा तो मयताचा अर्धवट उठलेला अंगठा पाहत राहिले. दार वाजत होते. काडी बोटांपर्यंत जळत आली तरी त्यांची नजर हलली नाही, आणि या वेळी लवकर पेटव म्हणून कोणी म्हटले नाही.